'आय'वरचं टिंब – ओहायो स्टेटचा कॉलेज बँड

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला येऊन सोळा वर्षं झाली. पहिली आठ-दहा वर्षं शरद ऋतूतला शनिवार म्हटलं की मी वाणसामान शुक्रवारीच आणून ठेवायचे. मॅचच्या दिवशी विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते माणसांनी आणि लाल शर्टांनी भरून जातात, गाडी काढण्यात अर्थ नसतो. फुटबॉल (इथला, हातात चेंडू घेऊन पळायचा) मला आजही फारसा कळत नाही. पण मध्यंतरात मैदानात उतरणाऱ्या बँडसाठी मी आता पावसातसुद्धा दोन तास उभी राहते, आणि त्याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

माझी ओळख लेकामुळे झाली. शाळेच्या बँडमध्ये नववीत त्याची उंची बघून त्याच्या खांद्यावर सूझाफोन चढवला. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर मोठं पितळी तोंड उघडणारा तो अजस्र ट्यूबा. जॉन फिलिप सूझा या बँडमास्टरच्या नावावरून त्याचं नाव पडलं. वजन पंधरा किलोच्या आसपास. सगळा भार डाव्या खांद्यावर. पहिल्या महिन्यात त्याच्या खांद्यावर जांभळा वळ होता, मी रोज रात्री हळद-तेल लावायचे. त्यानं एकदाही 'दुसरं वाद्य द्या' म्हटलं नाही, तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघायला लागले की हा नक्की करतो काय.

आता बँडबद्दल. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची स्थापना १८७० ची. सरकारनं जमीन देऊन उभ्या केलेल्या या विद्यापीठांमध्ये शेती आणि अभियांत्रिकीबरोबर लष्करी कवायतही शिकवायची असा १८६२ चा कायदाच होता. कवायत म्हटलं की ताल हवा, म्हणून १८७८ साली मुलांचं एक छोटं पथक उभं राहिलं, आडव्या बासऱ्या आणि ड्रम एवढंच. आजच्या बँडच्या गणवेशात, चालण्यात, हुकुमात जो लष्करी थाट दिसतो त्याचं मूळ तिथे आहे.

बँडला आजचं रूप दिलं युजीन वायगल या संचालकांनी. १९२९ ते १९३९ अशी दहा वर्षं ते होते. १९३४ मध्ये त्यांनी क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी ही सगळी वाद्यं काढून टाकली आणि निव्वळ पितळी वाद्यं आणि तालवाद्यं ठेवली. आणि १० ऑक्टोबर १९३६ ला, पिट्सबर्गविरुद्धच्या मॅचला, त्यांनी मैदानावर पहिल्यांदा 'स्क्रिप्ट ओहायो' लिहून घेतलं. आकाशात विमानानं धुराची अक्षरं लिहितात ती आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधली सरकती दिव्यांची पाटी, या दोन्हींवरून त्यांना कल्पना सुचली असं सांगतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: बँड आधी एकात एक अशा तीन 'ओ'मध्ये उभा राहतो. मग ड्रम मेजर (बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या) पुढे निघतो आणि त्याच्यामागे एकेक वादक, जशी मुंग्यांची रांग, आणि ही रांग चालता चालता 'ओहायो' हा शब्द इंग्रजी जोडअक्षरांत, म्हणजे मोडीसारखा हात न उचलता, लिहीत जाते. अक्षराचं वळण जिथे स्वतःच्याच रेषेला छेदतं तिथे दोन रांगा एकमेकींच्या मधून पार होतात. दोन्हीकडचे लोक वाजवत असतात, वाद्यं डावी-उजवी डोलत असतात, आणि कुणी कुणाला धक्का लावत नाही. यामागे वाजतं ते रोबेर प्लांकेतचं एक फ्रेंच लष्करी कूचगीत, 'साम्ब्र ए म्यूझ'. धून फिरून फिरून येते आणि अक्षर पुढे सरकतं.

शब्द पुरा झाला तरी 'आय'वर टिंब नसतं. गीत संपत आलं, की ड्रम मेजर आणि एक सूझाफोनवाला असे दोघेच रांगेतून सुटतात, टाळी देतात, आणि गुडघे छातीपर्यंत उचलत 'आय'च्या डोक्यावर जातात. तिथे सूझाफोनवाला एक लाथ हवेत मारतो, वळतो, टोपी काढतो आणि कमरेत पार वाकून दोन्ही बाजूंना नमस्कार करतो. लाखभर माणसं उभी असतात. आपला अनुस्वार एवढासा, पण तो राहिला तर शब्द अडखळतो ना, तसं त्या एका माणसावाचून ते लिखाण अपुरं असतं.

मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते हे की हा मान सूझाफोनला आहे. बँडमधलं हे सगळ्यात जड वाद्य, धून त्याच्याकडे क्वचित येते, बाकी वेळ खालचा 'बूम्-बूम्' सांभाळायचा. १९३६ च्या पहिल्या खेपेला टिंब दिलं होतं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) वाजवणाऱ्या जॉन ब्रुंगार्टनं. पुढच्या वर्षी वायगलनी ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवाल्याला त्या जागी आणलं. आणि १९३८ मध्ये एकदा ड्रम मेजर 'आय'पाशी थोडा लवकर पोचला, संगीत शिल्लक राहिलं, तर उरलेल्या मात्रा भरायला जॉन्सननं एक लाथ मारली, गिरकी घेतली आणि वाकून नमस्कार केला. वेळ भरून काढायला केलेली ती हालचाल आज आठ दशकांहून जास्त काळ तशीच होते आहे.

मान कुणाला? बँडमध्ये निदान चौथं वर्ष असलेल्या सूझाफोनवाल्यांनाच. बाहेरच्या माणसांना हा मान फार क्वचित दिला जातो: विनोदी नट बॉब होप (१९७८), फुटबॉल प्रशिक्षक वूडी हेज (१९८३), गोल्फपटू जॅक निकलॉस (२००६), अंतराळवीर जॉन ग्लेन आणि त्यांच्या पत्नी ॲनी (२००९). जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला माणूस, आणि त्या दिवशी तो 'आय'च्या डोक्यावर उभा राहिला तेव्हा शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले होते, माझ्यासमोर, टीव्ही बघताना.

लेकाच्या निवडचाचणीबद्दल खाली लिहीन, भात लावायचा आहे.

---

नदीकाठ

वा, किती मन लावून लिहिलं आहे. मोडीची उपमा फार आवडली. एक शंका: क्लॅरिनेट वगैरे काढून का टाकली? बाकी कॉलेजांच्या बँडमध्ये ती दिसतात.

---

अंगणवेल

नदीकाठ, धन्यवाद. उघड्या मैदानात आवाज पोचणं हे मोठं कारण. पितळी वाद्याचं तोंड समोर असतं, आवाज सरळ बाणासारखा जातो. क्लॅरिनेटचा आवाज भोकाभोकांतून सगळीकडे पसरतो आणि हवेत विरतो. शिवाय इथे नोव्हेंबरात बर्फसुद्धा पडतं. लाकडी वाद्याला आणि त्याची भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्यांना ती थंडी आणि ओल सोसत नाही. इथल्या बँडमध्ये ट्रम्पेट, फ्लूगलहॉर्न, मेलोफोन, ट्रॉम्बोन, बॅरिटोन, सूझाफोन आणि तालवाद्यं, बस. फुंकायची सगळी वाद्यं एकाच धातूची असल्यामुळे एक घनता येते. तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त लागतो.

---

तिसरीगल्ली

ताई, लेकाच्या निवडीचं लवकर लिहा! आमच्या पथकात नाव नोंदवलं, दोन महिने सरावाला आलं की झालं, पार अनंत चतुर्दशीपर्यंत ढोल मिळतो. तिकडे निवड कशी होते?

---

अंगणवेल

लिहिते.

सव्वादोनशेच्या आसपास वादक असतात, त्यातले तीसेक राखीव. आणि दरवर्षी सगळ्यांनी पुन्हा चाचणी द्यायची. गेल्या वर्षी मैदानात होतास म्हणून यंदा जागा ठेवलेली नसते. चाचणी ऑगस्टमध्ये, पण उन्हाळाभर संध्याकाळी सराव घेतात आणि तो घेतात बँडमधलीच मोठी मुलं. नव्याला चालायला शिकवायचं तेच. हो, चालायलाच. इथली चाल वेगळी: मांडी जमिनीला समांतर येईल इतका गुडघा वर, पावलाचं टोक खाली. आणि ५ यार्डांत बरोबर ८ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, उतारावर, ओल्या गवतावर, वळताना, मागे जाताना, नेहमी तेवढंच.

आमच्या गाडीच्या वाटेवर लेकानं निळ्या चिकटपट्टीनं साडेबावीस इंचांवर रेघा मारल्या होत्या. शाळेचं वाद्य सुट्टीत परत द्यावं लागलं, तर हा वीस पौंडांचं सोना मसूरीचं पोतं डाव्या खांद्यावर घेऊन रोज संध्याकाळी त्या रेघांवरून चालायचा. आधी मला पोत्याची चिंता, नंतर गुडघ्यांची. जुलै संपता संपता तो रेघांकडे न बघता चालायला लागला. मी खिडकीतून बघायचे, पाऊल रेघेवर पडतं की नाही. पडायचं.

पहिल्या वर्षी निवड झाली नाही. यादी लागली, त्यानं स्वतः वाचली, आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मागे वळताना माझे खांदे हलतात. मला माहीत होतं." घरी येईपर्यंत दोघं गप्प. दुसऱ्या वर्षी पुन्हा उन्हाळा, पुन्हा पोतं. राखीवमध्ये नाव आलं.

आणि हे राखीव प्रकरण मला सगळ्यात विलक्षण वाटतं. इथे राखीव म्हणजे बाकावर बसून वर्ष काढायचं असं नाही. दर आठवड्याला राखीव मुलगा मैदानातल्या एखाद्याला आव्हान देऊ शकतो. दोघं शेजारी उभे राहून तेच वाजवतात, तेच चालतात. जो सरस तो शनिवारी मैदानात. म्हणजे मैदानातली प्रत्येक जागा त्या आठवड्यापुरती असते. लेक पहिल्या चार आव्हानांत हरला. पाचव्यात जिंकला, आणि त्या रात्री आनंदापेक्षा त्याला ज्याची जागा घेतली त्या मुलाचं वाईट वाटत होतं. तो मुलगा त्याचा जवळचा मित्र. पुढच्या आठवड्यात त्यानं आव्हान देऊन जागा परत घेतली! दोघं अजून एकत्र जेवतात.

---

तिसरीगल्ली

बाप रे. ताई, वाचून काटा आला.

आमच्याकडे हे चालेल का विचार करतोय. नदीपात्रात सराव असतो, चारशे वादक, सगळे नोकरी-कॉलेज सांभाळून येणारे. ताशा चुकला तर सगळे ढोल चुकतात, म्हणून ताशावाल्यांची मात्र खरी परीक्षा होते, कुणालाही ताशा देत नाहीत. ढोलाला उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी. नवीन पोरगं थापी मारायला विसरतं आणि नुसतं टिपरू बडवतं. त्याला मागच्या रांगेत ठेवतात, आणि तो मागून पुढे कधी येतो हे कुणी मोजत नाही. तुमच्याकडे मोजतात. मला वाटतं निदान पुढच्या दोन रांगांसाठी असं काही असावं. भांडणं होतील, पण वादन सुधारेल.

सूझाफोनचं वाचून आमचा मधला ढोल आठवला. तो वाजवणारा काका बावीस वर्षं एकाच जागी उभा आहे, फोटोत कधी येत नाही. तो नसला की मिरवणूक ढिली पडते.

---

उसाचाफड

मी इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेतला, पर्ड्यू विद्यापीठात मास्टर्स केलं (मेकॅनिकल). ओहायोवाल्यांचं कौतुक वाचलं, आता आमचं ऐका.

आमचा बँड १८८६ चा. १९०७ मध्ये पॉल एमरिक यांच्या बँडनं मैदानात रांगा मोडून 'पी' हे अक्षर उभं केलं. कॉलेज बँडनं मैदानात अक्षर काढण्याची सुरुवात आमच्याकडे झाली असं पर्ड्यू मानतं. (त्याच १९०७ मध्ये इलिनॉयच्या बँडनं शिकागोविरुद्धच्या मॅचला मध्यंतरात कार्यक्रम केला आणि पहिला मध्यंतराचा कार्यक्रम आमचा असं ते म्हणतात.) एमरिक १९०५ ते १९५४ पर्यंत संचालक होते. जवळपास पन्नास वर्षं एक माणूस एका बँडपाशी.

आणि आमचा ड्रम! १९२१ मध्ये इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीनं बनवलेला. गाड्यावर ठेवला की दहा फुटांच्या वर जातो. जगातला सगळ्यात मोठा ड्रम असं आम्ही म्हणतो, आणि नेमकं माप विद्यापीठ सांगत नाही. पहिल्यांदा मी तो बघितला तेव्हा थंडी होती, मी एकटा होतो, घरची आठवण येत होती. तो वाजला, आणि मला आमच्या गावच्या यात्रेतला मोठा ढोल ऐकू आला. त्या दिवसापासून पर्ड्यू माझं झालं.

अजून एक. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग आमच्या बँडमध्ये बॅरिटोन वाजवायचा. १९५५ चा पदवीधर. जॉन ग्लेन तुमचा मानाचा पाहुणा होता, आर्मस्ट्राँग आमच्या रांगेतला होता.

---

अंगणवेल

उसाचाफड, मान्य, शंभर टक्के मान्य. ड्रमबद्दल वाचलं होतं, आर्मस्ट्राँगचं माहीत नव्हतं. लेकाला सांगितलं, तो म्हणाला "बॅरिटोन? मग पाऊल बरोबर पडणारच."

---

गच्चीवरून

ड्रमवरून आठवलं. शिकागो विद्यापीठानं पर्ड्यूला उत्तर म्हणून १९२२ मध्ये कॉन कंपनीकडून आठ फुटी ड्रम करवून घेतला होता, 'बिग बर्था'. १९३९ मध्ये शिकागोनं फुटबॉलच बंद केला आणि ड्रम स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली पडून राहिला. त्याच प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या तुकडीनं जगातली पहिली नियंत्रित अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया चालवली. पुढे १९५० च्या दशकात टेक्सास विद्यापीठाच्या बँडनं तो ड्रम १ डॉलरला घेतला. किरणोत्सर्ग साफ करूनच तो वापरात आणावा लागला. वाद्याच्या नशिबात काय काय असतं!

---

हुरॉनकाठ

मी ॲन आर्बरला असते, म्हणजे ओहायो स्टेटच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या गावात. भांडायला आले नाही, पण एक नोंद राहू द्या: १९३२ मध्ये इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या बँडनं ओहायोच्याच मैदानात जोडअक्षरांत 'ओहायो' लिहून दाखवलं होतं. यजमानांचा मान म्हणून. इकडची मंडळी हे विसरत नाहीत, आणि मलाही वाटतं की सांगायला हवं. पाहुण्यांनी यजमानाचं नाव लिहिलं, ही गोष्टच किती छान आहे.

---

अंगणवेल

हुरॉनकाठ, बरं झालं लिहिलंत. लेकाच्या बँडमधली काही मुलं हे नाव काढलं की तापतात. माझं मत असं: आधी कुणी लिहिलं यात मिशिगनचा मान मिशिगनला. पण वायगलनी जे केलं ते रांगेनं चालत लिहिणं, फिरत्या 'ओ'तून सुटणारी एक रांग, शेवटी टिंब, आणि दर मॅचला पुन्हा. लिहिणं आणि गिरवणं यात जो फरक असतो, तो इथे गिरवण्याच्या बाजूनं आहे. गिरवून गिरवून अक्षर घोटलं गेलं.

---

सांजफेस्त

मडगावहून. आमच्याकडे कॉलेजचा बँड नाही, पण गावच्या फेस्ताला पितळी बँड असतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत मेस्त्री मुलांना सोल्फेज शिकवायचे, म्हणजे सूर लिहिलेले वाचायला, आणि सोबत व्हायोलिन किंवा कॉर्नेट. त्याच शिकवणीतून गोव्याचे किती वादक पुढे मुंबईच्या बँडमध्ये, पोलीस बँडमध्ये, सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. माझा आजोबा कॉर्नेट वाजवायचा. मिरवणुकीत सोबत नोटेशनचा कागद नसायचा, सगळं पाठ. तुमच्याकडेही पाठ असतं का?

---

अंगणवेल

सांजफेस्त, अगदी तसंच! सगळं पाठ. आणि दर घरच्या मॅचला बहुतेक वेळा नवा कार्यक्रम, नवी गाणी, नव्या आकृती. हातात दोन आठवडे, कधी एकच. यावरूनच इथली एक प्रथा निघाली, 'स्कल सेशन'. स्कल म्हणजे कवटी, डोक्यात भरून घ्यायचं म्हणून. १९३२ मध्ये वायगलनी मॅचआधी बसून शेवटची उजळणी सुरू केली. मुलांचे आईवडील, मैत्रिणी ऐकायला येऊन बसायला लागले, गर्दी वाढत गेली. १९५७ पासून ती सेंट जॉन अरीनात होते, आता तेरा हजारांच्या आसपास माणसं बसतात. एक सराव ऐकायला!

आजोबांबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

---

पाटीपेन्सिल

सगळं गोड गोड चाललं आहे, पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे. २०१४ च्या जुलैमध्ये ओहायो स्टेटनं याच बँडची चौकशी केली होती. लैंगिक स्वरूपाच्या, अपमानास्पद प्रथा बँडमध्ये वर्षानुवर्षं चालत आल्याचं अहवालात आलं आणि तेव्हाच्या संचालकांना काढून टाकलं. आणि त्याआधी, नोव्हेंबर २०११ मध्ये, फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या 'मार्चिंग हंड्रेड' या बँडमधल्या एका ड्रम मेजरचा बसमध्ये झालेल्या मारहाणीत मृत्यू झाला. 'प्रथा' म्हणून केलेली मारहाण. १९४६ पासून विल्यम फॉस्टर यांनी घडवलेला, १९८९ मध्ये पॅरिसला फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दी संचलनात अमेरिकेतर्फे चाललेला तो बँड. तो २०१३ पर्यंत बंद ठेवावा लागला. आपल्याकडे महाराष्ट्रातही १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. परंपरा म्हणताना यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं हे कुणी ठरवतं का?

---

अंगणवेल

पाटीपेन्सिल, मी हे मुद्दाम टाळलं नव्हतं, पण पहिल्या पोस्टमध्ये घालायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे.

लेक चाचणीला जायच्या आधी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून २०१४ च्या अहवालाबद्दल बोललो होतो. मी त्याला एवढंच सांगितलं, की कुणी 'आपल्यात असंच असतं' म्हणालं की त्या क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले तरी. त्याला फोन करायची वेळ आली नाही. पण म्हणून आधीच्या मुलांवर आली नव्हती असं मी म्हणणार नाही. सराव मोठ्या मुलांच्या हाती असणं ही या बँडची ताकद आहे, आणि दार तिथूनच उघडं राहतं. शिकवणाऱ्या मोठ्याच्या हाती नव्याची जागा असते, मग नवा नाही म्हणू शकत नाही. मला वाटतं, जी गोष्ट मैदानात लाख लोकांसमोर करता येते ती परंपरा. जी बसचं दार लावून करावी लागते तिला ते नाव द्यायचंच नाही.

अजून एक जुनी गोष्ट याच संदर्भात. १९७३ पर्यंत या बँडमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. आदल्या वर्षी शिक्षणात लिंगभेद करायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला, तेव्हा दार उघडलं. म्हणजे पंच्याण्णव वर्षं 'परंपरा' होती ती सुद्धा गेली, आणि बँडचं काही बिघडलं नाही. उलट आज सूझाफोनच्या रांगेत मुली आहेत, त्याच वजनाखाली.

---

पाटीपेन्सिल

धन्यवाद, मनापासून. हे उत्तर माझ्या वर्गात वाचून दाखवू का?

---

अंगणवेल

जरूर.

---

मिरजेचातंबोरा

मी वाद्यं दुरुस्त करतो, तंतुवाद्यं. या बँडचे २०१२-१३ चे व्हिडिओ आमच्याकडेही फिरले होते, मैदानात माणसांचा घोडा दौडतो आणि मग नाचणारा माणूस मागे सरकत चालतो. ते कसं बसवतात?

---

अंगणवेल

तेच ते. प्रत्येक वादकाची मैदानावरची जागा आधी आराखड्यात टिंबांनी काढतात. प्रत्येकाला आपलं टिंब माहीत: अमुक मात्रेला अमुक रेघेपासून इतकी पावलं. पूर्वी कागदांची थप्पी असायची, २०१३ पासून टॅबलेट आले. घोडा आपल्याला वरून दिसतो. आत असणाऱ्याला घोडा दिसत नाही, त्याला पुढच्याची पाठ आणि पायाखालची रेघ दिसते.

---

नदीकाठ

ताई, ऑक्टोबरमध्ये मुलीकडे येणार आहे, क्लीव्हलंडला. एक शनिवार काढून कोलंबसला आले तर काय बघू? मॅचचं तिकीट फार महाग दिसतंय.

---

अंगणवेल

मावशी, जरूर या, आमच्याकडेच उतरा. मॅचचं तिकीट नसलं तरी स्कल सेशन बघता येतं. लवकर जायचं, जागा भरतात. तिथून बँड वाजवत स्टेडियमकडे चालत जातो, त्याच्या बरोबरीनं चालायचं. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि मुलं हाताच्या अंतरावरून जातात.

स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं. आत गेलात तर उत्तरेकडच्या बोगद्यावर नजर ठेवा. आधी काही दिसत नाही, नुसते ड्रम ऐकू येतात, काँक्रीटखालून. मग तालवादक उतारावरून खाली येतात आणि त्यांच्यामागे रांगेमागून रांग, मिनिटाला १८० पावलं. गुडघे उचलत, धावत नाहीत पण धावल्यासारखे. सगळे जागेवर आले की मधून ड्रम मेजर सुसाट येतो, मध्ये थांबतो आणि मागे वाकतो, इतका, की टोपीचा तुरा गवताला टेकतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता.

वर्षातून एकदा जुने वादक येतात, तेव्हा एकदम चार 'ओहायो' लिहिली जातात. सत्तरीतले आजोबा सूझाफोन घेऊन गुडघे उचलतात. तो शनिवार जमला तर सोडू नका.

---

तिसरीगल्ली

ताई, शेवटचं विचारतो. लेक कधी देणार टिंब? तारीख कळली की इथे सांगा, आम्ही पहाटे उठून बघू.

---

अंगणवेल

तो देणार नाही रे.

पहिलं वर्ष निवडीविना गेलं, दुसऱ्यात राखीव म्हणून आत आला, यंदा विद्यापीठाचं तिसरं वर्ष. पुढच्या मेमध्ये नाही, त्याच्या पुढच्या मेमध्ये पदवी होईल, तेव्हा बँडमधली त्याची तीन वर्षं भरलेली असतील. टिंबाला चार लागतात. मी हिशेब करून विचारलं होतं, एक वर्ष जास्त राहतोस का, आम्ही फी भरू. नाही म्हणाला. नोकरी बघायची आहे त्याला.

स्क्रिप्टमध्ये त्याची जागा शेवटच्या 'ओ'च्या वळणात असते. तिथून 'आय' दिसत नाही, वर पितळ, समोर पुढच्याची पाठ. मी विचारलं, मग टिंब पडलं हे तुला कळतं कसं? म्हणाला, "आवाज येतो ना. लोकांचा. एकदम वर जातो, तेव्हा समजायचं वाकला. मग मी शेवटची आठ मात्रा जोरात वाजवतो."